माडीवरची खोली

वसईतल्या जुन्या घरांना माडी असते, तशी आमच्याही घराला आहे. मंगलोरी कौलांखालची एक लांबट खोली, पूर्वेला एक खिडकी आणि वर जायला, पायांनी मधोमध झिजवलेला लाकडी जिना. माझे वडील हयात होते तोवर ती ‘बाबांची खोली’ होती. त्यांच्या पश्चात काही वर्षे ती कुणाचीच नव्हती. तिथे कांदे, जुन्या मासिकांचे गठ्ठे आणि मोडक्या खुर्च्या सुखाने नांदत होत्या. पुढे ती माझ्या धाकट्या मुलाकडे गेली. त्यानंतर या खोलीने दोनदा वेष पालटला. पहिल्या पालटाच्या वेळी मला अभिमान वाटला आणि दुसऱ्याच्या वेळी मी विरोध केला. दोन्ही वेळा चूक माझीच होती. ती कबूल करावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

२०२० सालच्या टाळेबंदीत पोराची नोकरी गेली. लहानपणापासून त्याला संगणकावरच्या खेळांचा नाद. रिकामपण आले तसा तो नाद वाढला आणि एके दिवशी त्याने मला सांगितले, “पप्पा, मी आता स्ट्रीमिंग करणार आहे.” शब्द मला नवा होता. त्याने तो समजावून सांगितला. आपण खेळत असतो तो खेळ, आणि खेळताना आपला चेहरा, दोन्ही त्याच क्षणी इंटरनेटवरून जगाला दाखवायचे. बघणारे बाजूच्या पट्टीत शेरे लिहितात, आपण त्यांना उत्तरे देतो. किती जण बघत आहेत, तो आकडा कोपऱ्यात सतत दिसत असतो. ट्विच नावाची अशी एक मोठी सेवा २०११ साली सुरू झाली आणि २०१४ साली अॅमेझॉनने ती सुमारे ९७ कोटी डॉलरना विकत घेतली, हेही त्यानेच सांगितले. दुसऱ्याचा खेळ नुसता बघण्याला एवढे मोल असेल, हे माझ्या शिक्षकी बुद्धीला पटले नाही. पण आकडा मोठा होता आणि मोठ्या आकड्यापुढे आपण सारेच थोडे नमतो.

मग खोली सजू लागली. खुर्चीच्या मागच्या भिंतीवर फळ्या बसल्या, त्यांवर खेळांतल्या वीरांच्या लहान मूर्ती उभ्या राहिल्या. छताच्या कडेने तांबड्या-जांभळ्या दिव्यांची पट्टी फिरली. चेहरा उजळावा म्हणून कंकणासारखा गोल दिवा आला. आवाज स्वच्छ जावा म्हणून खास मायक्रोफोन आला आणि भिंतींना काळ्या स्पंजचे खाचदार तुकडे चिकटले. शर्यतीच्या मोटारीत असते तशी तांबडी-काळी खुर्ची आली. त्याने साठवलेले पैसे संपले, थोडे मी घातले.

सारे लागल्यावर त्याने मला संगणकाच्या पडद्यावर ती खोली दाखवली. मी थक्कच झालो. आमचे कौलारू घर कुठच्या कुठे गेले होते! पण मान वळवून प्रत्यक्ष खोलीकडे पाहिले तेव्हा निराळेच दृश्य दिसले. कॅमेऱ्याला दिसत होते तेवढेच सजले होते. त्या चौकटीबाहेर हातभर सरकले की उडालेला चुना, कपड्यांचा ढीग, जमिनीवर वायरींचे जाळे, न झटकलेले अंथरूण. त्याच्या डोळ्यांसमोर दिवसभर हीच बाजू होती. सजलेली भिंत त्याच्या पाठीमागे होती. ज्या खोलीत तो बसत होता तिचे सौंदर्य त्याला स्वतःला कधी दिसतच नव्हते.

तरुणपणी मी गावच्या नाटकांत पडद्यामागची कामे केली आहेत. समोरून वाडा दिसतो, मागून पाहावे तर बांबू, चिंध्या आणि सुतळ्या. त्यात वाईट काही नाही; नाटक तसेच उभे राहते. पण तिसरा अंक संपला की नट रंग पुसून घरी जातो. नेपथ्याच्या मागच्या बाजूला कुणी संसार थाटत नाही. माझ्या मुलाने तो थाटला होता, आणि मला ते तेव्हा कळले नाही.

रात्री दहापासून दोनपर्यंत माडीवरून त्याचा आवाज येई. मोठमोठ्याने हसणे, ओरडणे, अनोळखी माणसांना नावाने हाका मारणे. सकाळी हाच मुलगा चहाच्या कपात बघत मुका बसे. आणि मी त्याला रोज एकच प्रश्न विचारी, “काल किती जणांनी पाहिलं?” तो आकडा सांगे. कधी चाळीस, कधी सत्तर. मी तो नातेवाइकांना फोनवर सांगे. सांगताना थोडा वाढवूनही सांगे. पुढे आकडा उतरू लागला. वीस, अकरा. “काल किती?” या प्रश्नाला एकदा तो म्हणाला, “तीन. त्यातला एक मीच होतो, दुसऱ्या फोनवरून.” मी हसलो. मला वाटले, त्याने विनोद केला.

२०२२ च्या पावसाळ्यात त्याने ते सारे एकाएकी थांबवले. आषाढाच्या दमट हवेने भिंतीवरचे स्पंजाचे तुकडे एकेक करून गळत होते, ते त्याने परत चिकटवले नाहीत. जेवण कमी झाले, झोप उडाली. पत्नी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. औषधे, बोलणी, दोनचार महिने. त्या काळात एकदा रात्री ओटीवर बसलो असता तो आपणहून बोलला. “पप्पा, खेळात जिंकलो ना, की मी आधी बाजूची पट्टी बघायचो. लोक काय म्हणतात ते. मला स्वतःला आनंद झाला की नाही, ते कळायचंच नाही. मग हळूहळू व्हायचाही बंद झाला.” थोडे थांबून म्हणाला, “आणि सकाळी तुम्ही विचारायचा, किती जणांनी पाहिलं. कसं खेळलास, असं कधी नाही विचारलंत.”

चौतीस वर्षे मी मुलांना शिकवले. परीक्षेहून आलेल्या मुलाला ‘किती गुण मिळाले’ हे आधी विचारू नये, ‘पेपर लिहिताना मजा आली का’ हे विचारावे, असे पालकसभेत सांगत आलो. त्या रात्री मला बोलायला शब्द सापडले नाहीत.

पुढे त्याला वसईतच एक बरी नोकरी लागली आणि तब्येत रुळावर आली. मग एका रविवारी तो म्हणाला, “माडीवरची खोली पुन्हा बदलायची आहे. या वेळी खेळण्यासाठी.” मी एकदम उसळलो. ज्या नादाने पोर आजारी पडले, त्याच नादाला पुन्हा खोली द्यायची? मी म्हणालो, तो संगणक विकून टाक आणि चार पुस्तके वाच. तो रागावला नाही. म्हणाला, “खेळाने मी आजारी पडलो नाही, पप्पा. खेळायचं राहून गेलं, म्हणून पडलो.”

या वाक्यावर मी दोन दिवस विचार करीत होतो. मला आमच्या अंगणातल्या भातुकलीची आठवण झाली. माझ्या बहिणी केळीच्या पानाचे तुकडे आणि करवंट्या घेऊन तासन्‌तास खेळत. पण कुणी मोठे माणूस ओट्यावर येऊन कौतुकाने बघू लागले, की त्या लाजून गप्प होत, नाहीतर एकदम नाटकी बोलू लागत. खेळ तिथेच मोडे. योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळाचे एक लक्षण सांगितले आहे: खेळ नेहमीच्या व्यवहारापासून वेगळ्या काढलेल्या जागेत आणि वेळेत चालतो, त्याला स्वतःच्या सीमा असतात. भातुकलीच्या पोरींनी हाउझिंगा वाचला नव्हता. पण अंगणात कोळशाची रेघ ओढून ‘हे आमचं घर’ असे त्या म्हणत, तेव्हा हेच सांगत असत. माझा मुलगाही तशीच एक रेघ मागत होता.

मी होकार दिला, आणि प्रायश्चित्त म्हणून हाताखाली कामही केले. आठ रविवार लागले. त्या आठ रविवारांत मला कळले, की दाखवण्यासाठी सजवणे आणि रमण्यासाठी सजवणे ही दोन निराळी शास्त्रे आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे दिशा. पूर्वी टेबल अशा रीतीने ठेवले होते की खिडकीचा उजेड चेहऱ्यावर पडावा. आता टेबल फिरवून खिडकीला काटकोनात ठेवले, म्हणजे तिचे प्रतिबिंब पडद्यावर पडत नाही आणि उजेड डोळ्यांतही येत नाही. खिडकीला जाड गडद पडदा शिवला. पडद्यासमोरची भिंत झगमगीत असून चालत नाही, तर ती विसरली गेली पाहिजे, म्हणून तिला करड्या-निळ्या रंगाचा, चकाकी नसलेला हात दिला.

मग दिवे. तांबडी-जांभळी पट्टी त्याने काढून टाकली. त्याचे कारण मला फार आवडले. आजूबाजूला जांभळा उजेड असला की डोळे त्याला सरावतात आणि पडद्यावरचे रंग त्यांना खरे दिसत नाहीत. चित्रकाराने मोठ्या कष्टाने रंगवलेली संध्याकाळ भलतीच दिसू लागते. उलट मिट्ट काळोखात एकटा पडदा उजळ असला तर डोळे लवकर शिणतात. म्हणून त्याने पडद्याच्या मागे, थेट दिसणार नाही असा, दिवसाच्या उजेडासारख्या पांढऱ्या प्रकाशाचा एक मंद दिवा लावला. दुकानात त्या प्रकाशाला ६५०० केल्व्हिन म्हणतात. पडद्याच्या पूर्ण तेजाच्या दशांशाएवढाच तो भिंतीवर पसरतो. बसणाऱ्याला दिवा दिसत नाही. नुसते बरे वाटते. तो चेहऱ्यासाठीचा गोल दिवा आता खाली पत्नीच्या शिलाईमशीनवर बसला आहे आणि सुईत दोरा ओवायला त्याचा फार उपयोग होतो.

आवाजाचे प्रकरण सर्वांत मजेचे. स्पंजाचे ते तुकडे त्याच्या कानांसाठी नव्हतेच. मायक्रोफोनमध्ये भिंतींचा प्रतिध्वनी जाऊ नये म्हणून होते. शिवाय पातळ स्पंज वरच्या पट्टीचे सूर तेवढे शोषतो. खालच्या पट्टीचा घुमारा खोलीत तसाच राहतो. आता ऐकायचे होते त्याला स्वतःला. म्हणून जमिनीवर जाड सतरंजी, एका कोपऱ्यात गुंडाळलेली जुनी गादी आणि मागच्या भिंतीला पुस्तकांचे उघडे कपाट. लहानमोठी, आत-बाहेर सरकलेली पुस्तके आवाजाला विस्कटून टाकतात. ती भिंत भरायला पुस्तके कुठून आणायची, असा प्रश्न पडला तेव्हा कांद्यांशेजारी पडलेले माझ्या जुन्या मासिकांचे बांधीव गठ्ठे त्याने स्वतः झटकून वर लावले. पन्नास वर्षांचे मराठी ललित साहित्य शेवटी घुमारा मोडायच्या कामी आले! मी हसलो, पण ते कपाट पाहून मला मनापासून बरेही वाटले. दोन ध्वनिक्षेपक आणि बसणाऱ्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे, हे त्याने दोरीने मोजून साधले. ध्वनिक्षेपक कानांच्या उंचीवर आणायला सुतारदादांकडून दोन लाकडी बैठका करून घेतल्या. रात्री मात्र हेडफोन, कारण खाली आम्ही झोपतो.

ती मोटारीची खुर्ची विकली. तिचे पंख कॅमेऱ्यात शोभत, पण तासाभराने खांदे आखडत. तिच्या जागी बाबांची वेताची आरामखुर्ची येणार होती. ती फार कलती निघाली. शेवटी साधी, हात टेकता येतील अशी, पाठीला सरळ धरणारी खुर्ची आली आणि बाबांची खुर्ची बाजूला पाहुण्यासाठी राहिली. वायरी फळीच्या मागे बांधल्या, त्या दिसू नयेत म्हणून नव्हे, पायात येऊ नयेत म्हणून. घड्याळावरून मात्र आमचा वाद झाला. त्याला खोलीत घड्याळ नको होते, मला हवे होते. अखेर तडजोड झाली: घड्याळ दाराच्या वर, त्याच्या पाठीमागे लागले. खेळताना दिसत नाही, उठताना दिसतेच.

आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीपाशी, दाराबाहेर, त्याने एक लहानशी लाकडी फळी ठोकली. तीवर फोन ठेवायचा आणि मग आत जायचे. नियम सर्वांना सारखा, त्यालाही.

या दुसऱ्या सजावटीला पहिलीच्या निम्माही खर्च आला नाही. आणि सांगायचे म्हणजे, ही खोली छायाचित्रात अगदीच सामान्य दिसते. करडी भिंत, सतरंजी, जुनी मासिके. ती दिसण्यासाठी केलेलीच नाही.

काम संपल्यावर त्याने मला वर बोलावले. फोन फळीवर ठेवून मी आत गेलो आणि बाबांच्या खुर्चीत बसलो. त्याने विमान चालवण्याचा खेळ लावला. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरची ही आवृत्ती २०२० साली निघाली आणि तिच्यात उपग्रहचित्रांवरून साऱ्या पृथ्वीचा पृष्ठभाग उभा केला आहे, हे मला माहीत नव्हते. पडदा २७ इंचांचा, म्हणजे सुमारे साठ सेंटीमीटर रुंद. बसायची जागाही त्यापासून साठच सेंटीमीटरवर. तेवढ्या अंतरावरून डोळ्यांना सुमारे ५३ अंशांचे दृश्य व्यापते, आणि खेळातल्या विमानाच्या काचेतूनही तेवढ्याच अंशांचे जग दिसेल असे त्याने जमवून घेतले होते. त्यामुळे पडदा हा पडदा राहत नाही, खिडकी होतो. क्षितिज बरोबर डोळ्यांच्या रेषेत आले.

मुंबईच्या विमानतळावरून एक लहान सेसना विमान पश्चिमेकडे तोंड करून सुटले. समुद्रावर गेल्यावर त्याने ते उजवीकडे वळवले. तो काही बोलत नव्हता. इंजिनाचा एकसुरी आवाज आणि खाली सरकणारा किनारा. वर्सोवा, मनोरी, गोराई. मग रुंद, मातकट वसईची खाडी. आठदहा मिनिटांत आम्ही किल्ल्यावर आलो. १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला तो किल्ला वरून नुसता झाडांचा गर्द पुंजका दिसत होता, आणि घरे म्हणजे ठोकळे. तरी रस्ते खरे होते, बावखले खरी होती. मी पुढे वाकलो आणि “डावीकडे, आणखी डावीकडे” असे त्याला सांगू लागलो. आमच्या आळीपाशी आलो तेव्हा एक गोष्ट दिसली आणि माझा घसा दाटून आला. जिथे आज पाच मजली इमारत उभी आहे, तिथे केळीची हिरवी वाडी होती. उपग्रहाने ते छायाचित्र कधीतरी पूर्वी टिपले असावे. माझे बाबा त्या वाडीला पाणी लावीत. त्यांनी आयुष्यात विमान पाहिले ते त्याच वाडीत उभे राहून, खालून.

माझा हात सवयीने खिशाकडे गेला. मोठी मुलगी परदेशी असते, तिला हे चित्र पाठवावेसे वाटले. खिसा रिकामा होता. फोन बाहेर फळीवर होता. आणि क्षणभर चुकचुकल्यावर जे झाले, ते सांगायला हवे: मी ते हिरवे नीट पाहिले. दुसऱ्याला दाखवायचे नव्हते, म्हणून स्वतः पाहिले. मुलाने न सांगताच त्या वाडीभोवती एक फेरी घातली, मग दुसरी.

खाली उतरताना मला आठवले. बाबा याच खोलीत रात्री रेडिओवरची श्रुतिका ऐकत. आम्ही पोरे वर गेलो की म्हणत, “दिवा मालव रे, नीट ऐकू येत नाही.” दिव्याचा आणि कानांचा काय संबंध, असे म्हणून आम्ही हसत असू. आज त्यांच्या नातवाने आठ रविवार खपून जे शास्त्र सिद्ध केले, ते त्यांना एका बटणात माहीत होते.

आपल्या भाषेत खेळ ‘रंगतो’. माणूसही त्यात रंगतो. रंगण्यासाठी आधी बुडावे लागते, आणि काठावरच्या लोकांकडे बघत कुणालाही बुडता येत नाही. स्ट्रीमिंग करून आनंदाने पोट भरणारी मुलेही असतील. नटाचा धर्म ज्याला साधतो, त्याने तो जरूर पाळावा. माझ्या मुलाचा तो पिंड नव्हता, आणि त्याला बघ्यांपुढे ढकलणाऱ्यांत पहिला हात माझा होता.

आता सकाळी चहाच्या वेळी मी विचारतो, “काल कुठे जाऊन आलास?” कधी तो एखाद्या बर्फाळ दरीचे सांगतो, कधी मध्ययुगातल्या बोहेमियातल्या गावाचे. कधी नुसता म्हणतो, “काल नाही खेळलो, झोपलो लवकर.” तेही मला तितकेच आवडते.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्याची परवानगी मागितली. तो म्हणाला, “लिहा, पप्पा. फक्त खोलीचा फोटो देऊ नका.” म्हणून फोटो दिलेला नाही. वाचकांपैकी कुणी कधी आमच्याकडे आलेच, तर बाबांची खुर्ची मोकळी आहे. फोन तेवढा फळीवर ठेवावा लागेल.